तिसरा रकाना

११ जानेवारी

प्रिय टिटवी,

तुझं पत्र मिळालं. चार पानांपैकी तीन पानं देवावर आणि एक पान माझ्या खोकल्यावर, म्हणजे प्रमाण नेहमीचंच. खोकला बरा आहे. देवाचं मला सांगता येत नाही.

तू लिहितेस की मी सगळं मोजत बसतो, म्हणून जे मोजता येत नाही ते मला दिसत नाही. हे वाक्य तू गेली वीस वर्षं मला ऐकवते आहेस आणि मीही गेली वीस वर्षं तेच उत्तर देतो आहे. आपली दोघांची गाडी एकाच खड्ड्यात रुतली आहे. म्हटलं, एकदा मोजूनच टाकू.

सोबत दोन पाकिटं आहेत, अ आणि ब. दोन्हीत लसूणघासाचं, म्हणजे गुरांच्या चाऱ्याचं बी आहे. एकाच पोत्यातलं, प्रत्येकी शंभर, मी स्वतः मोजलेलं. तू दहा दिवस रोज सकाळी अ पाकिटासाठी प्रार्थना करायची. ब कडे ढुंकूनही बघायचं नाही. मग दोन्ही परत पाठव. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई पाकिटांवर स्वतःच्या खुणा करतील आणि त्या खुणा आपल्यापाशीच ठेवतील. म्हणजे मोजताना मलाही कळणार नाही की देवाचं कुठलं आणि बिनदेवाचं कुठलं. आमच्या प्रयोगशाळेत सगळ्या बियाण्यांना लावतो तोच नियम: ओला टीपकागद, बंद कपाट, दहा दिवस, मग मोजणी. अ मध्ये दहा जरी जास्त उगवली, तरी मी लेखी हार मानीन. शिक्क्यासकट.

बाकी ठीक. दोन खोल्यांत एक माणूस, त्यामुळे घर आवरलेलंच राहतं. तुझी वहिनी असती तर म्हणाली असती, हे घर आहे की तुमचं कपाट.

ता. क. पोराने घर सोडल्याला चौदा महिने झाले. तुला काही कळलं का?

तुझा दादा

---

२६ जानेवारी

प्रिय दादा,

पाकिटं परत पाठवते आहे. दहा दिवस दुकान उघडायच्या आधी, शिलाई मशीनवर पाकीट ठेवून, हात जोडून उभी राहिले. समोरच्या चहावाल्याला वाटलं मशीन बिघडलंय. तो मिस्त्री पाठवू का म्हणून विचारून गेला.

पण मला हे काही पटलेलं नाही, सांगून ठेवते. देव म्हणजे खत आहे का, टाकलं की उगवलं? परवा एक गिऱ्हाईक कोट घेऊन आलं. अस्तर उसवलं तेव्हा आत इतके नाजूक टाके निघाले की मी बघत राहिले. कुणाला दिसणार नाहीत अशा जागी घातलेले. तो शिंपी कोण, कुठला, जिवंत आहे का, मला काही ठाऊक नाही. पण टाके आहेत म्हणजे घालणारा आहे, एवढं मला कळतं. हाताची पाच बोटं बघ आणि मला सांग की हे कुणी शिवलेलं नाही.

खोकल्यासाठी गरम पाणी पी. बारकूची काळजी करू नकोस. तो सुखरूप आहे. मी खात्रीने सांगते.

तुझी टिटवी

---

३० जानेवारी

प्रिय आत्या,

स्वेटर मिळाला. बाही दोन बोटं लांब आहे, पण असू दे, बोटं गार पडतात तेव्हा आत ओढून घेता येतात. उंच इमारतींच्या काचा पुसायचं काम अजून चालू आहे. दोरीला लटकून दिवसभर लोकांची ऑफिसं बघतो. कुणी माझ्याकडे बघत नाही, ते बरं वाटतं.

या महिन्यात उशीर झाला, पण पुढे पहिल्या आठवड्यातच लिहीन, ठरल्याप्रमाणे. तुझं मागचं पत्र वाचलं. बाबांना कळवू का म्हणून पुन्हा विचारतेस. नको. आत्या, तू देवाची शपथ घेतली आहेस. बाबांची बहीण असलीस तरी देवाची शपथ तू मोडणार नाहीस, म्हणून तर तुला सांगितलं.

आईच्या खाटेशी मी अकरा दिवस बसलो होतो. जे येत होतं ते म्हणत होतो. ती गेल्यावर खोलीतून बाहेर आलो, तेव्हा बाबा व्हरांड्यात उभे होते. मला म्हणाले, "काय, ऐकलं का तुझ्या देवाने?" एवढंच. रागावून नाही, अगदी सहज. मला अजून ते सहज म्हणणं विसरता येत नाही.

कधीतरी मीच त्यांना लिहीन. तोवर नाही.

तुझा बारकू

---

१९ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

निकाल लागला. काल सकाळी मोजणी केली, मग बाईंनी खुणांचा कागद उघडला. अ पाकीट: उगवलेली एक्याण्णव. ब पाकीट: उगवलेली ब्याण्णव. तुझ्या देवाने एका बियाने मार खाल्ला, किंवा दहा दिवस तो चहावाल्याकडेच बघत होता. बाई म्हणाल्या, बहिणीला जरा हळू कळवा. म्हणून हळू कळवतोय.

तुझ्या कोटाबद्दल. टाके आहेत म्हणजे शिंपी आहे, मान्य. पण तुझ्याकडे रोज फाटके, उसवलेले, एक बाही आखूड असलेले कपडेही येतात. ते कुणी शिवले? तुझ्या वहिनीची फुप्फुसं कुठल्या शिंप्याने बेतली होती? चांगल्या टाक्यांचं श्रेय त्याला आणि उसवलेलं मात्र आपल्या नशिबावर, हा कुठला न्याय? एखाद्या शिंप्याने तुझ्याशी असा व्यवहार केला असता तर तू त्याला दारात उभं केलं नसतंस.

आता एक गोष्ट लिहितो, हसू नकोस. तू लिहिलंस, "तो सुखरूप आहे, खात्रीने सांगते." मी लगेच पेन उचललं होतं, विचारायला की आधार काय. मग लक्षात आलं की मीही तेच मानतो. पंधरा महिने झाले, एक ओळ नाही, एक निरोप नाही. पुराव्याच्या नावाने शून्य. तरी रविवारी सकाळी मी त्याला पत्र लिहितो. पत्ता नाही, म्हणून टेबलाच्या खणात ठेवतो. आता खण नीट बंद होत नाही. उत्तर न देणाऱ्याला दर आठवड्याला काय काय सांगत बसायचं, याला तुमच्यात प्रार्थना म्हणतात ना?

माझ्या हाताखालच्या कुणी असा अहवाल आणला असता तर मी तो फाडला असता.

ता. क. तुला काही कळलं का?

दादा

---

३ मार्च

प्रिय दादा,

खणाचं वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. गिऱ्हाइकांसमोर रडणं बरं दिसत नाही.

आधी कबुली. तुझा प्रयोग मी बिघडवला. पहिले दोन दिवस नेमाने फक्त अ साठी हात जोडले. तिसऱ्या दिवशी ब पाकीट बाजूला पडलेलं दिसलं आणि मला कसंतरीच झालं. त्या बिचाऱ्यांनी काय पाप केलं होतं? एकाच पोत्यातली, आणि यांच्यासाठी कुणी काही मागायचंच नाही? मग त्या दिवसापासून दोघांसाठी मागितलं. ब साठी जरा जास्तच, राहिलेले दोन दिवस भरून काढायला. तेव्हा तुझ्या निकालाला काही अर्थ नाही. किंवा आहे, तो तूच लाव.

वहिनीच्या फुप्फुसांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. असतं तर तेव्हाच दिलं असतं.

बारकूबद्दल मी पुन्हा सांगते, तो सुखरूप आहे. आधार विचारू नकोस. पण मी सांगते आहे ना?

टिटवी

---

४ मार्च

बाळा बारकू,

या महिन्याचं तुझं पत्र अजून यायचं आहे, पण मला धीर निघत नाही म्हणून मीच लिहिते. जानेवारीअखेरच्या पत्रानंतर फेब्रुवारीतही तुझं काही आलं नाही. कामाची गडबड असेल.

तुझा बाप दर रविवारी तुला पत्र लिहितो आणि खणात ठेवतो. खण बंद होत नाही म्हणून मला कळवतो. त्याने व्हरांड्यात काय म्हटलं ते तू मला सांगितलंस. ते चुकलंच. पण बाळा, त्या दिवशी त्याचीही बायको गेली होती. त्याला रडता येत नाही, लहानपणापासून येत नाही. आमच्या घरातलं सगळं रडणं माझ्या वाट्याला आलं, म्हणून तर त्याने माझं नाव टिटवी ठेवलं.

मला शपथेतून सोडव. एका कार्डावर "आत्या, सांग" एवढं लिही. मी प्रत्येक पत्रात त्याला खात्रीने सांगते आणि तो माझी खात्री श्रद्धा समजतो. देवाच्या नावावर मी भावाला फसवते आहे, आणि तेही देवाचीच शपथ पाळण्यासाठी. यात मी कुठल्या बाजूने पापी ठरते, ते मला उलगडत नाही.

पोस्टमन सायकलवर दिसला की मी मशीन थांबवते.

तुझी आत्या

---

२ एप्रिल

प्रिय टिटवी,

ब साठी जरा जास्तच! बाईंना वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. एवढ्या वर्षांत माझा प्रयोग असा कुणी बिघडवला नव्हता.

आता माझी कबुली. ही तुला आधीच सांगायला हवी होती. तुझी वहिनी गेली त्या दिवशी पोरगा खोलीतून बाहेर आला. अकरा दिवस त्याने खाट सोडली नव्हती. मी त्याला म्हणालो, "काय, ऐकलं का तुझ्या देवाने?" का म्हणालो, मला माहीत नाही. मी बरोबर होतो. आजही त्या वाक्यात मला चूक दाखवता येणार नाही. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा कळलं की आपण भलत्याच जागी बरोबर निघालो. तीन आठवड्यांनी तो गेला. लोकांना मी सांगतो, नोकरीसाठी गेला. तुलाही तेच सांगितलं होतं.

त्यानंतर मी बराच विचार केला. तुला मी लहानपणापासून ओळखतो. तू दुकानाचं कुलूप तीनदा ओढून बघतेस. गिऱ्हाइकाचं माप दोनदा घेतेस, आणि घरी जाऊन तुला वाटतं की चुकलंच. जन्मात कधी कशाची खात्री दिलेली नाहीस. ती तू दोन पत्रांत खात्रीने लिहितेस की पोरगा सुखरूप आहे. मी मनाशी म्हटलं, या बाईला कुठून तरी काहीतरी कळत असलं पाहिजे. त्याची तपासणी मला करता येत नाही, पण तुला मी तपासलेलं आहे.

तर परवा सकाळी मी हात जोडले. खिडकीपाशी, दाढी करायच्या आधी. काय म्हणायचं ते येईना, म्हणून तुझंच वाक्य म्हटलं, तो सुखरूप आहे. जरा बरं वाटलं. कुणाला सांगू नकोस. बाईंना तर नाहीच.

ता. क. तुला काही कळलं का? कळलं नसलं तरी चालेल. तू सांगतेस तेवढं पुरतं.

दादा

---

१४ मे

प्रिय दादा,

हे पत्र पाच वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

बारकू मला पत्रं लिहीत होता. गेल्यापासून दर महिन्याला. तुला सांगणार नाही अशी त्याने माझ्याकडून देवाची शपथ घेतली होती. तो कुठे राहतो, काय काम करतो, सगळं मला माहीत होतं. मी त्याला स्वेटर विणून पाठवला होता. व्हरांड्यातलं तुझं वाक्यही मला माहीत होतं. तू कबुली दिलीस तेव्हा ते मी दुसऱ्यांदा वाचलं.

तेव्हा माझी खात्री ही श्रद्धा नव्हती, दादा. तो पुरावा होता, पत्त्यासकट, माझ्या सुयांच्या डब्यात ठेवलेला. तू ज्याच्यावर विसंबून हात जोडलेस ते हे. "तू सांगतेस तेवढं पुरतं" हे वाचलं आणि तुझं पत्र त्याच डब्यात ठेवून झाकण लावलं.

आज शपथ मोडते आहे, कारण जानेवारीनंतर त्याचं पत्र नाही. फेब्रुवारीत वाटलं गडबड. मार्चमध्ये मी लिहिलं. ते पत्र परवा परत आलं. वर कुणीतरी लिहिलंय, या पत्त्यावर राहत नाही. तो काम करत होता तिथे फोन केला. ते म्हणाले, फेब्रुवारीतच काम सोडलं, पुढचं माहीत नाही. अपघात वगैरे झाला होता का, विचारलं. नाही म्हणाले. एवढं एक नाही म्हणाले.

पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. तू जा. मला जायचा धीर नाही.

मला वाटायचं माझी श्रद्धा पक्की आहे. आता कळतंय, पोस्टमन येत होता तोवर पक्की होती. काल सकाळी मशीनसमोर हात जोडले, तर नुसते हातच. तू मला वीस वर्षं हरवायला बघत होतास. घे, जिंकलास. मला शिव्या दे, पण उत्तर पाठव.

टिटवी

---

९ जून

प्रिय टिटवी,

उत्तराला उशीर झाला. पहिले चार दिवस तुझा इतका राग आला की पाकिटावर तुझं नाव लिहिलं आणि आतला कागद कोराच ठेवला. दीड वर्ष मी विचारत होतो, तुला काही कळलं का, आणि तू मला हाताची पाच बोटं दाखवत होतीस. तो राग अजून गेलेला नाही. पण तू बोलली असतीस तर पोरगा तुझ्याशीही बोलायचा थांबला असता, हेही मला कळतं. आणि त्याला शपथ घ्यावीशी वाटली ती माझ्यामुळे. कुठूनही मोजलं तरी बेरीज माझ्यावरच येते.

मी तिथे जाऊन आलो. तिसऱ्या मजल्यावरची खोली, दोन खाटा. एकीवर आता दुसराच मुलगा राहतो. दुसरीवर जो आहे तो आपल्या पोराला ओळखत होता. म्हणाला, शांत होता, कामावरून येऊन वाचत बसायचा. फेब्रुवारीत एका सकाळी पिशवी भरली आणि येतो म्हणाला. कुठे, ते नाही. भांडण नाही, आजार नाही. मी त्या भागातली दोन्ही इस्पितळं बघितली, पोलीस चौकीत नाव लिहून आलो. चौकीतला माणूस म्हणाला, मोठा मुलगा आहे, स्वतःच्या पायांनी गेलाय, आम्ही काय करणार. त्याचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं ते मी पहिल्यांदाच समोरून बघितलं.

खोलीत त्याची एक बादली आणि फुटका आरसा राहिला होता. तुझा स्वेटर नव्हता. कपाटात बघितलं, खाटेखाली बघितलं, खुंटीवर बघितलं. नव्हता. म्हणजे नेला असावा. गाडीत बसल्यावर मी सबंध वेळ हाच विचार करत होतो की याला पुरावा म्हणायचा का. तूच सांग.

काल कामावर गेलो. बाईंनी तुझ्या दोन पाकिटांचा अहवाल फायलीला लावायला काढला होता. उगवलेल्यांचा आकडा तुला कळवला होता, बाकीचं सांगायचं राहिलं. ब पाकिटातली आठ उगवली नाहीत. आमच्याकडे न उगवलेलं बी सरसकट मेलं असं लिहीत नाहीत. चिमट्याने दाबून बघतात. मऊ पडलं, फुटलं, तर मेलेलं. ती पाच निघाली. राहिलेली तीन दहा दिवस पाण्यात असूनही कडक होती. त्यांच्यात पाणीच शिरलेलं नाही. अशा बिया मातीत वर्ष-दोन वर्षं तशाच पडून राहतात आणि कधीतरी उगवतात, किंवा नाही उगवत. त्यांच्यासाठी अहवालात तिसरा रकाना असतो. उगवलेली नाहीत, मेलेलीही नाहीत. तीस वर्षं मी तो रकाना भरतोय. कधी त्याच्यापाशी थांबलो नव्हतो. काल थांबलो. बाईंनी पाणी आणून दिलं.

बियांसाठी माझ्याकडे चिमटा आहे, टिटवी. इथे काहीच नाही.

खणातली सगळी पत्रं मी त्याच जुन्या पत्त्यावर पाठवून दिली. परत येतील, माहीत आहे. खणात तरी ती कुठे जात होती.

खिडकीपाशी मी अजून उभा राहतो. तुझी खात्री खोटी होती हे कळल्यावर थांबायला हवं होतं, तेच शहाणपणाचं होतं. पण सकाळी पाय तिथेच जातात. मग तोंड उघडतो आणि शब्द येत नाहीत, कारण वाक्य तुझं होतं. म्हणून एक मागतो. पुढच्या पत्रात ते पुन्हा लिही. तुला काही माहीत नाही, हे मला माहीत आहे. तरी लिही. या वेळी आधार विचारणार नाही.

तुझा दादा

---

१६ जून

प्रिय दादा,

तो सुखरूप आहे.

तुझी टिटवी

ता. क. तुला काही कळलं का?